स्टेशनासमोरचं दुकान

आबा,

गेल्या वर्षी मी जपानला जाऊन आले. लेकीकडं, नातीला बघायला गेले होते, पण तिथं सारखे तुम्हीच आठवत राहिलात. दुसरी मोठी लढाई संपल्यावर तुमची पलटण तिथं होती. पलटणीचे शिंपी म्हणून गेलात आणि एक गोष्ट मनात धरून परत आलात: शहराबाहेर स्टेशन, स्टेशनाभोवती दुकानं, दुकानांभोवती घरं. म्हणूनच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साताऱ्याला गाडी आली, तेव्हा तुम्ही पेठेतलं चालतं दुकान सोडलंत आणि गावापासून लांब, स्टेशनासमोरच्या माळावर पत्र्याचं दुकान टाकलंत. आई म्हणाली, "आवं, तिकडं कुत्रंबी फिरकत न्हाई." तुम्ही हसलात. "आज न्हाई. ठेसन आलं की बाजार येतोच. म्या डोळ्यानं बघितलंय."

गाडी लागते. तुम्ही मशीन थांबवून दारात उभे राहता. माणसं उतरतात, पिशव्या सावरत टांग्यात नाहीतर एसटीत बसतात आणि गावात निघून जातात. माळ पुन्हा मोकळा. शेजारी कुणी चहाचं दुकान काढलं, ते पावसाळ्याआधीच मोडलं. एकदा मी म्हणाले, "आबा, पेठेत परत जाऊया की." तुम्ही कात्री आपटलीत. "तुला काय कळतंय गं? थांबावं लागतंय." पेठेतला गाळा मालकानं तोवर दुसऱ्याला दिला होता, हे मला फार उशिरा आईकडून कळलं. गाव वाढलं, पण एसटी स्टँडच्या बाजूनं. तुमची नजर अधू झाली, सुई ओवून द्यायला मी येऊन बसायचे, आणि शिवायला काही नसायचं. शेवटच्या आजारातही तुम्ही आईला विचारत होता, "आज कोण आलतं का गं दुकानात?"

जपानात मी जावयांना विचारलं, इथं स्टेशनाभोवती बाजार कसा जमला? ते म्हणाले, "आई, इथं रूळ टाकणारी कंपनीच घरं बांधते आणि दुकानंही तीच काढते. बाजार आपोआप येत नाही." आपल्याकडं रूळ एकाचे, रस्ता दुसऱ्याचा, माळ तिसऱ्याचा. तुम्ही बघितलं ते खरंच होतं. त्यामागं कोण होतं, ते मात्र पलटणीतल्या शिंप्याला कुणी सांगितलं नाही. आता कळवून तरी काय उपयोग? हे पत्र टाकायचं कुठं?

लेकीच्या घराजवळच्या स्टेशनाबाहेर कपडे दुरुस्त करणारं एक छोटं दुकान आहे. दारात गिऱ्हाइकांची रांग होती. लेक म्हणाली, "आजोबा असते तर किती खूश झाले असते." मी पुढं चालू लागले. खरं सांगू, आबा? मला ती रांग बघवली नाही.