कापडाखालच्या लोखंडी पट्ट्या

प्रिय आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. पण आज डोकं फिरलंय.

फोन जास्त चालावा म्हणून आम्ही बॅटरीत सिलिकॉन घालतो, हे तुला सांगितलं होतं ना? चार्ज होताना ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, नंतर आकसतं, आणि शेवटी त्याला भेगा पडतात. त्यावरचा इलाज मला अजून सापडलेला नाही.

आज कंपनीत बॅटरी बघायला पाहुणे येणार म्हणून साहेबांनी बॅटरी दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये करकचून आवळली. मग ती फुगणार कुठे? वर कापड टाकलं आणि पाहुण्यांना खुशाल म्हणाले, "फुगायचं थांबलं!"

माझं टाळकंच सटकलं. मी सगळ्यांदेखत कापड ओढलं आणि विचारलं, "साहेब, गिऱ्हाईकाला फोनबरोबर ह्या पट्ट्या पण देणार का?"

उद्या केबिनमध्ये बोलावलंय. नोकरीचं बघू काय ते, तू जिवाला लावून घेऊ नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

फुगलेली बॅटरी पेटते गं, आई. आणि माझा कॉल येईल म्हणून तू अजून फोन उशाखाली घेऊन झोपतेस. हे साहेबांना ठाऊक नाही. मला आहे.

तुझीच,
चिडकी