बोळातली खिडकी

वडगाव, बेळगाव

प्रिय सौम्या,

तू पहिलीत होतीस तेव्हा शाळेला आपण मागच्या बोळातून जायचो, आठवतं? अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, नाक लाल. तरी महादेवअण्णांच्या खिडकीशी आलीस की तुझे पाय तिथेच रुतायचे. आत त्यांचे दोन माग धडधडत असायचे. जयाबाई कांड्या भरता भरता गजांतून हात बाहेर काढायच्या आणि तुटक्या रंगीत धाग्यांची गुंडी तुझ्या मुठीत ठेवायच्या. “घे गं, भावलीला लुगडं कर.” मग तू निघायचीस, आणि शाळेत उशिरा पोचल्याबद्दल बोलणी मी खायचे.

तेव्हा आपल्या घरात पंखा नव्हता. बाबांनी घर बांधताना छताला हूकसुद्धा ठेवला नाही. बेळगावात पंखा कशाला, म्हणाले होते.

हे सगळं आज लिहितेय, कारण गेले काही महिने मी तुझ्यावर चिडले आहे. तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की उकाड्याने झोप लागत नाही. आठ दिवसांत तुझा एसी दारात. त्याचं बाहेरचं, गरम हवा फेकणारं मशीन कुठे लावायचं तेही तूच व्हिडिओ कॉलवर दाखवलंस. मागच्या भिंतीला, बोळात, तिथे कुणाला त्रास नाही. मीही हो म्हटलं. ती खिडकी समोर तीन फुटांवर होती, आणि आपल्या दोघींपैकी एकीलाही आठवली नाही. मग कपडे वाळवायचं यंत्र आलं. मग तू मोठी गाडी घेतलीस, म्हणून तुझी जुनी माझ्याकडे आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले याचा मला केवढा तोरा! चालत दहा मिनिटांवरच्या बाजाराला गाडीने जाऊ लागले. जागा शोधत दोन चकरा मारायच्या आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत यायचं. हिंडलग्याला मावशीकडे जायला बस आहे, बायकांना तर फुकट, तरी मी गाडीच काढायचे. तापमानवाढीवरचं तुझं भाषण तू पाठवलंस ना, ते मी एसी अठरावर ठेवून, रजई पांघरून पाहिलं. शेवटी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेव्हा मला काही खटकलं नाही. तुला तरी कुठे खटकलं होतं?

या वर्षीच्या एप्रिलमध्ये महादेवअण्णांचे माग पहाटे चारला सुरू व्हायला लागले. दिवसभर चिडीचूप आणि पहाटे धडधड. माझी झोपमोड व्हायला लागली. चाळीस वर्षांचा शेजार, दारात जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी चिठ्ठी लिहिली, कॉन्व्हेंटमधल्या त्या वळणदार अक्षरात, की वयस्कर माणसांचा जरा विचार करावा. त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून आले. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा आवाज बंद झाला. मी खूश.

जूनमध्ये त्यांच्या दारात टेम्पो उभा दिसला. एक माग सुटा करून भंगारात चालला होता. काय झालं म्हणून मी विचारलं. जयाबाई म्हणाल्या, “तुमच्या मशीनची झळ येती आक्का, दिवसभर. सूत वाळतंय आन् कडाकडा तुटतंय. गोणपाट भिजवून लावलं, खिडकीला पत्रा ठोकला, तर आत भट्टी. म्हणून गारव्याला पहाटं चालवत हुतो. मग तुमची चिठ्ठी आली.” मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. महादेवअण्णा नटबोल्ट गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, “तुमास्नी उकडतंय म्हणूनच लावला न्हवं? आमची पोरगी असती तर तिनंबी लावलाच असता की.”

रागावले असते तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हटलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी सॉरी म्हणायला छान शिकवलं होतं, त्यानंतर काय करायचं ते शिकवायचं राहून गेलं.

तू म्हणशील, आई, एक एसी काढून एप्रिल गार होत नाही. नाहीच होत. आपल्या गल्लीत अजून चार खोकी लटकताहेत, ती काही मी उतरवू शकत नाही. तुझ्या भाषणातले आकडे खरे असतील, पण त्या आकड्यांत आपल्या मागची खिडकी कुठे होती? एक माग तर आपण दोघींनी मिळून घालवला. दुसरा अजून उभा आहे, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो दिवसा चालायला हवा.

परवा तू फोनवर म्हणालीस, डिसेंबरमध्ये येतेय, हॉललाही एसी लावून टाकू. मी हो हो म्हणून फोन ठेवला. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र. तो एसी येणार नाही, आणि आधीचा मी उतरवला आहे. तो बेळगुंदीला, तुझी वर्गमैत्रीण मंगल नर्स आहे त्या दवाखान्याला, बाळंतिणींच्या खोलीसाठी दिला. त्या भिंतीमागे नुसता माळ आहे, कुणाची खिडकी नाही, मी स्वतः बसने जाऊन बघून आले. गाडी मावशीच्या आदर्शला, तो आता येळ्ळूरला राहतो. तो आणि त्याच्या शाळेतले तिघे मास्तर चार मोटारसायकलींवर जातात, ते आता एकत्र जातील. एकट्याने फिरवताना दिसला तर परत घेईन, असं त्याला बजावलंय. कपड्यांचं यंत्र तू परत ने. मला दोरी आहे आणि गच्ची आहे. रजई मला राहू दे, थंडी अजून थोडी येते.

एसी उतरला त्या दुपारी महादेवअण्णांनी खिडकीचा पत्रा काढला. संध्याकाळी मी पिशवी घेऊन बोळातून चालत बाजाराला निघाले, तर गजांतून एक हात बाहेर आला. “सौम्याला द्या,” जयाबाई म्हणाल्या. पाकिटात जी गुंडी आहे, ती तुला.

तुझीच,
आई