कुत्र्याचं योइक आहे, माझं नाही

तीर्थरूप सुन्नाआत्येस,

काउतोकेइनोहून हेंदारातचा (दुखरा गुडघा सांभाळत) वाकून नमस्कार. तुझा दमा कसा आहे? इकडे रेनडियरांना पिल्लं झाली, बर्फ हटत नाही आणि रिस्तेन बायकोच्या हक्काने टोमणे मारते. म्हणजे एकंदरीत खुशाल आहे.

गावात ओस्लोहून इंगेबोर्ग नावाची विदुषी आली आहे. आपली योइकं यंत्रात भरून घेते ('एकेका माणसाचं सुरांतलं चित्र' म्हणते ती त्यांना). बाई गोड आहे (कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले तरी मुकाट्याने खाते), पण प्रत्येक माणसाचं योइक हवंच म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. रिस्तेनचं योइक शेजारणीने म्हटलं. रिस्तेनने तिच्या बापाचं म्हटलं. म्हातारा जाऊन किती वर्षं झाली, पण सूर लागला आणि तो चुलीपाशी येऊन बसल्यासारखंच वाटलं (मी चटकन त्याच्या खुर्चीवरून उठलो). मग छाप्पेचं झालं. छाप्पे म्हणजे आमचा कुत्रा, आत्या! आणि मग बाईने यंत्र माझ्याकडे वळवलं. "आणि तुमचं?"

पन्नाशी उलटली तरी माझं कोणी बांधलंच नाही, हे परक्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू? स्वतःचं स्वतः बांधावं, तर आपली पाठ आपणच थोपटली म्हणून गावभर हसं. मी घसा बसल्याचं सांगितलं. तर म्हणते, "तुमचं तुम्ही थोडंच म्हणायचं असतं? दुसरं कोणी म्हणेल की!" (अभ्यास करून आली आहे.) सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी तडक कळपाकडे निघालो आणि रागाच्या भरात रिस्तेनचे बूट घालून कंबरभर बर्फात रुतलो. मला ओढून काढताना शेजारीण काहीतरी गुणगुणत होती. मी बघताच गप्प झाली.

तुझा,
हेंदारात

ता.क. बाई शुक्रवारी जाणार. अख्ख्या खोऱ्यात तुझ्यासारखं योइक कोणी बांधत नाही. माझं एक बांधून दे ना! लांबलचक नको. माझी उंची, रेनडियरवर फास टाकण्यातली सफाई आणि शांत स्वभाव एवढं आलं की पुरे.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बाईच्या यंत्रातून एक सूर आला. ऐटीत चढला, मध्येच ठेचकाळला, फणफणला आणि मग अगदी मायेने खाली बसला. एकही शब्द यायच्या आधी मी "काय गं?" म्हणून ओ दिली. आवाज तुझा होता. गेल्या आठवड्यात बाई तुझ्याकडे येऊन गेली म्हणे. रिस्तेन म्हणाली, "आपल्या लग्नापासून सगळं गाव हे तुझं योइक म्हणतंय. पण तुझ्या नाकावर राग, तोंडावर म्हणणार कोण?" आत्या, मी सरपणाच्या ढिगावर जाऊन बसलो आणि ढसाढसा रडलो. वरची मागणी रद्द. एक सूरही हलवू नकोस. फक्त मी तुझ्याकडे येईन तेव्हा माझ्यासमोर म्हण. रागावलो तर रागावलो.