काटा कसला ते सांगितलं नाहीत

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन पाच महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हांला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही. आज लिहितोय, कारण काल दुपारी जिन्यात उभा राहून मी आईचं बोलणं ऐकलं. शेजारच्या अक्का आल्या होत्या. आई त्यांना म्हणत होती, "माज्या हातानं गेले ओ ते. मीच मारलं त्यास्नी."

रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली. मी वर आलोच नाही असं दाखवून खाली उतरलो आणि चौकात जाऊन नको असताना चहा प्यायलो. कारण तिनं तुम्हांला मारलं नाही, हे मला रविवारपासून माहीत आहे. कुणी मारलं, तेही माहीत आहे. आणि तरी मी तोंड उघडलेलं नाही.

रविवारी तिनं तुमचं ते खाकी जाकीट कपाटातून काढलं. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे म्हणाली, धुवायच्या आधी खिसे तेवढे रिकामे करून दे. बारा खिसे, अण्णा! शुक्रवार पेठेतल्या टेलरसमोर मोबाइलमधला फोटो धरून तुम्ही तसलं जाकीट शिवून घेतलंत, तेव्हा त्यानं विचारलं होतं, एवढ्या खिशांत ठेवणार काय? सगळ्यांत काही ना काही निघालं. कात्री, छोटी पकड, मेणाचा खडा, दोऱ्याची रिळं, बडीशेपेची पुडी. शेवटच्या, आतल्या खिशात चुन्याची डबी. तंबाखू सोडून तुम्हांला दहा वर्षं झाली होती, म्हणून उघडून बघितली.

पण आधीपासून सांगतो. तुम्हांला ठाऊक आहे तेच सांगतोय, तरी सांगू द्या.

रिटायर झालात आणि मीच तुम्हांला चांगला मोबाइल घेऊन दिला. त्यावर तुम्हांला कुठला तरी गोरा म्हातारा दिसला, नदीत गुडघाभर पाण्यात उभा, डोक्यावरून लांबच लांब दोरी फिरवणारा. दोरीच्या टोकाला गळ, आणि गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा तिला खरा किडा समजून झडप घालतो. बस! टेलिफोन खात्यात जन्मभर खांबावर चढून तारा ओढलेला माणूस, तुम्हांला ती दोरी आपलीच वाटली. गच्चीवर सराव सुरू झाला. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधायचात. तो एकदा अक्कांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन अडकला. त्या रागावल्या नाहीत. उलट आपल्या विणायच्या मागावरचा उरलेला रंगीत दोरा आणून दिला.

पिसं चिकनच्या दुकानातून. कोंबड्याच्या मानेचीच हवीत, काळी, लांब. दुकानदार चक्रावला होता, "चाचा, गोश्त छोडके खाली पर ले जाते?" तुमच्या खात्यातली जुनी पकड टेबलाला तारेनं आवळून तुम्ही तिच्या चोचीत गळ धरायचात आणि चष्मा नाकावर आणून माश्या बांधत बसायचात. घरी येईल त्याला ऐकवायचात, "लोक रिटायर झाले की माशा मारत्यात, मी माशा बांधतोय." पहिल्यांदा मी हसलो. विसाव्यांदा उठून आत गेलो.

खरं सांगू? मला लाज वाटायची. ती कापडी टोपी, तिच्या कडेला टोचलेल्या रंगीबेरंगी माश्या, ते जाकीट, हातात काठी. पेठेतली पोरं 'शिकारी आला' म्हणून ओरडायची आणि तुम्ही त्यांना टोपी काढून दाखवायचात. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, तिथंही ते पोचलं होतं. त्यातून तुम्ही मासा धरून पुन्हा पाण्यात सोडायचात! हिप्परग्याच्या तळ्यावरचे जाळंवाले पोट धरून हसायचे. सोडायचा तर धरला कशाला? मीही तेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पोटासाठी धरणाऱ्यानं धरावं की. मी आपला भेटून येतो."

म्हणून तुम्ही गळाचा उलटा काटा दाबायचात. टोकाच्या मागं जो बारीक उलटा काटा असतो, जो शिरला की निघत नाही, तो. माशी बांधायच्या आधी पकडीनं चेपून सपाट. मासा सुटून जायचा त्यानं, दहांतले सहा तरी जायचे. तुम्हांला त्याचं काही नसायचं. गेला तर गेला, त्याच्या तोंडात जखम नको.

माझ्या ऑफिसातल्यांची हुरडा पार्टी तळ्याजवळच्या शेतावर ठरली आणि त्यांनी आग्रह केला, वडिलांना आण, बघू तरी. मला कळलं होतं ते कशाला बोलावतायत. चला, म्हटलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला शेजारी बसवून माशी बांधायला शिकवलीत. कितीतरी दिवसांनी आपण असे शेजारी बसलो होतो. दोन बांधल्या मी. तुम्ही बघितल्यात आणि म्हणालात, "डोक्यावर लई दोरा गुंडाळतोस बग. डोकं जड झालंय तिचं." मग तुम्ही जेवायला उठलात आणि मी तिसरी बांधली. काळं पीस, अक्कांचा लाल दोरा. नव्या गळावर. काटा न दाबता.

विसरलो नव्हतो, अण्णा. मुद्दाम. एकदा तरी त्या लोकांसमोर तुमच्या हातात मोठी मरळ लोंबकळताना दिसावी, एक फोटो निघावा, एवढंच डोक्यात होतं. तुमच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते आता कुठल्या तोंडानं सांगू? माशी तुमच्या टोपीला टोचून ठेवली. उजव्या बाजूला, तुमचा हात आधी जातो तिथं.

दुसऱ्या दिवशी वारा फार होता. आम्ही हुरडा खात होतो आणि तुम्ही एकटे काठावर. तासाभरानं आलात ते अंगठ्याच्या मुळाशी रुमाल गुंडाळून. मी विचारलं, काय झालं? "काटा लागला," म्हणालात. काठावर वेड्या बाभळींचं रान. कुणाला शंका येणार? उलट मीच चारचौघांत तुमच्यावर खेकसलो, दिसत नाही तर बाभळीत शिरता कशाला? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "व्हय. माजंच चुकलं. बगून घ्यायला पायजे हुतं."

हे वाक्य मी रविवारपासून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही.

डबीत तीच माशी होती. जड डोक्याची. दोरीचा कापलेला तुकडा अजून गाठीला होता, लाल दोरा काळपट झालेला, आणि उलटा काटा जसाच्या तसा उभा. वाऱ्यानं दोरी उलटी फिरून ती तुमच्या हातात रुतली असणार. तुम्ही ती पकडीनं ओढून काढलीत ना? एकट्यानं? मांसासकट आली असेल. तेव्हाच तुम्हांला कळलं असणार ती कुणाची. आणि तुम्ही येऊन खोटंही बोलला नाहीत. काटा लागला म्हणालात, आणि तो लागलाच होता. आम्ही सगळे आपापल्या मनानं बाभळीचा समजलो.

आईनं काट्याला करतात तेच केलं. तेल गरम करून हळद बांधली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली होती, "काट्यानं एवढं फाटतंय व्हय रं?" मी म्हटलं, तू डॉक्टर होऊ नकोस. तुम्ही हात पांघरुणाआड ठेवायला लागलात. साखर तुमची आधीच वाढलेली. चौथ्या दिवशी ताप चढला, हात कोपरापर्यंत सुजला, मग धावाधाव. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं होतं? तेव्हाही तुम्ही काटाच म्हणालात, आईनं नंतर सांगितलं. त्यांना तरी सांगायचं होतंत! मी बाहेर बाकावर होतो, ऐकू आलं नसतं मला. लोखंडाचा गळ होता, खोल गेला होता, पहिल्याच दिवशी दाखवला असता तर? असता, नसता. आठ दिवसांत तुम्ही गेलात.

आणि त्या आठ दिवसांतल्या एका सकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, मी आईला म्हणालो, "तुझ्या त्या हळदीनं घात केला."

हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतोय. ती डब्याचं झाकण लावत राहिली. बार्शीहून ताई आली होती, तिनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. नंतर मी विसरूनही गेलो. रविवारी डबी खिशात ठेवून जेवायला बसलो आणि ताटाकडं बघितलं. आमटी फिकट. बटाट्याची भाजी पांढरी. उठून मसाल्याचा डबा उघडला. हळदीची वाटी धुऊन पालथी घातलेली. पाच महिने आमच्या घरात हळद नाही, अण्णा, आणि पाच महिने मी ते जेवतोय. तिच्या तोंडाची चव गेली असेल असं समजून एकदाही विचारलं नाही.

ती वाळत चालली आहे. अर्धी भाकरी खाते. हात सारखे पदराला पुसते, ओले नसताना. मी चार दिवस तिच्यासमोर जाऊन बसतो, आणि ती विचारते, काय रं, काय पायजे? आणि मी म्हणतो, पाणी. घरात आता आम्ही दोघंच. तिनं माझ्याकडं बघणं सोडलं तर मी कुणाकडं जाऊ? सोमवारी डबी घेऊन तळ्यापर्यंत गेलो होतो. फेकून दिली की संपलं. मला वाचवायचं होतं, तर तुम्हीच का नाही फेकलीत? उत्तर मला येतं. काठावर म्हशी पाणी पितात, पाखरं असतात, गळ पाण्यात टाकायचा नाही, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. घरी कचऱ्यातही टाकली नाहीत, झाडणारीच्या हाताला लागेल म्हणून. सगळ्यांचा विचार केलात. फक्त आईचा राहिला.

रागावलोय मी तुमच्यावर. एक थोबाडीत द्यायची होतीत तिथंच, सगळ्यांसमोर. मी ती घेऊन आयुष्य काढलं असतं. तुम्ही मला झाकलंत आणि ते सगळं तिच्या अंगावर पडलं. तुम्हांला हे दिसलं नसणार, हे कळतं मला. तापात होतात तुम्ही. तरी राग येतो.

आता वचन देतो. तुम्ही झाकलेलं मी उघडं करणार, आजच. तुमच्या मनाविरुद्ध जातोय, त्याला इलाज नाही. तोंडानं मला जमत नाही हे चार दिवस बघितलं, म्हणून हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार नाही. ती आता मंडईतून येईल. तिनं पिशवी खाली ठेवली की हे कागद आणि ती डबी तिच्या हातात देईन. ती अक्षर लावून लावून वाचते, वेळ लागेल. तेवढा वेळ मी कुठंही जाणार नाही.

तुमचा,
संजू

ता. क. आई, मी बाहेर जिन्यात बसलोय. हाक मारावीशी वाटली तर मार. नाही मारलीस, तरी मी इथंच आहे.