मोहाले लावला गेरू

३ डिसेंबर. तांडा.

नोकरी सोडून आज एकवीस दिवस. छब्बीस वर्ष एसटीचं स्टेरिंग धरलं. दिग्रस-पुसद, पुसद-दिग्रस. आता पहाटे पाचले डोळे उघडतेत अन् जाले कुठी नाही. आंगनात चकरा मारतो. कमल म्हने, "अवो, कुत्रंही दोन चकरा मारून बसते. तुमी कवा बसान?" बायको हाये का चेकर, काही समजत नाही.

उद्या निघतो. पायी. फुलसावंगीजवळच्या ह्या आपल्या तांड्यावरून थेट झरी जामणी, सागाच्या जंगलातून. माह्या आज्याचे लदेनीचे बैल पाठीवर मीठ लादून ज्या वाटेनं जात, तीच वाट. बा पाच वर्षाचा होता तवा शेवटच्या खेपेले बैलाच्या पाठीवर बसून गेलता. आता शहाऐंशीचा हाये, पन मुक्काम अजून तोंडपाठ. सारे वहीत लिवून घेतले.

बानं गेरूची पुडी दिली. म्हने, "वळन आलं का झाडाले पट्टा मारजो, छातीच्या उंचीवर. तुह्या आज्याच्या पुढं चालनारा मानूस असाच मारे. मागच्याले वाट समजे." होळीच्या आधी तांड्यातल्या पोराईले ह्याच वाटेनं न्याचं ठरवलं हाये. बा म्हने, मराच्या आधी एकदा वाट चालती झालेली पाहू दे. बाकी त्याले काही नको.

गेरू जवसाच्या तेलात कालवला. पान्यानं जाऊ नये.

५ डिसें.

दोन दिवस नुसती वावरं. वेचनी झालेली पराटी, तुरीचे धुरे, सडक, पुन्हा पराटी. गुडघा ठीक. चालता चालता डावा पाय क्लच शोधते. मांगून गाडी आली का नजर आरशाकडं जाते अन् आरसा नाही. एक दुधवाला थांबला, म्हने, "काका, सोडू का?" नाही म्हनलं. तो मंग दहा मिनिटं गाडी हळू हळू माह्या बाजूनंच चालवे. त्याले वाटलं घरून भांडून निघालो.

७ डिसें. आर्नीच्या पुढं.

साग लागला. प. १ ते ६ मारले (प. म्हनजे पट्टा. जागा मांगच्या पानावर लिवून ठेवतो).

सागाचं पान पडते तं थाळी पडल्यासारखी वाजते. पाय ठेवला का चुर्र. चोराले ह्या जंगलात काम नाही. दिवसभर मानूस दिसला नाही अन् मले वाटे कोनी मांगून येऊन राह्यलं. माहाच आवाज. बसलो तं करमत नाही, चाललो तं गुडघा. दोन बिस्किटं खाल्ली, उठलो.

९ डिसें. घाटंजीकडं.

जंगलखात्याच्या चौकीवर गार्डबाई भेटली. तिशीची असन, बोलाले कडक. "काका, कुठी निघाले एकटे?" सांगतलं, आज्याची वाट. तिनं वहीत नाव-गाव घेतलं, म्हने, "अभयारन्याच्या आंदर पाय ठेवजा नोका, भाएरच्या बाजूनं जा. वाघ हाये. काही झालं तं फोन करजा." नंबर देल्ला. पानी पाजलं. मंग माह्या बोटाईकडं पाहून म्हने, "मेहंदी लावली काय?"

म्हनलं, "घरी रंगवाचं काम काढलं होतं."

कायले खोटं बोललो? झाडाले रंग लावाची परवानगी लागते का नाही, मले ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्याचंही नव्हतं. इचारलं असतं तं ते नाही म्हनली असती, एवढं मातर ठाऊक होतं.

११ डिसें.

लय चाललो. प. ३६ ते ४४ आज एका दिवसात.

दुपारी एका जागी वाट दोहीकडं फुटली. मधात मोह. चार मानसाईच्या कवेत येनार नाही एवढा. बाच्या यादीत "मोठा मोह, डावीकडं" असं होतंच, पन तो अजून उभा असन असं वाटलं नव्हतं. हात लावून पाह्यला. हाच तो. आज्याचे बैल याच्या खालून गेले, बा याच्या खालून गेला. मले रडू आलं, लिवाले लाज नाही. मंग त्याले असा पट्टा मारला का आंधळ्यालेही दिसावा. पूर्न गोल, हातभर रुंद. प. ४४. मोबाइलवर फोटो काढला.

थोडं अलीकडं पांढऱ्या पाटीवर कूप नंबर लिवला होता, म्हनजे जंगलखात्यानं तोडाले काढलेला तुकडा. बाजूले सागाचे ताजे बुडखे. पाह्यलं, पुढं चाललो.

उतरताना गुडघ्यानं दगा देल्ला. सडकेलोक दोन घंटे लागले. टेम्पोनं पांढरकवडा.

१३ डिसें. पांढरकवडा.

जुन्या कंडक्टरच्या घरी, तिसरा दिवस. दहा वर्ष माह्या गाडीवर होता. गुडघा भोपळ्याएवढा. त्याची बायको एरंडाचं पान गरम करून बांधते. हा मले पाहून हासते. "डायवर, स्टेरिंगवर आठ आठ घंटे बसत होता. खाटीवर घडीभर बसवत नाही?" म्हनलं, गाडी चालत होती न बाप्पा. बसलेला मी दिसत होतो, पन चालत होतो.

बाचा फोन. मोहाचा फोटो नातवानं त्याले दाखवला. दोनदा म्हने, "उभा हाये न? उभा हाये न?"

१५ डिसें. कोलाम पोड.

सकाळी टेम्पोनं परत सडकेलोक, जिथी वाट सोडली होती तिथून पुढं. फाट्यावर न जाता खालच्या पायवाटेनं. गुडघा बरा. दुपारी पोड लागलं, पंधरा-वीस घरं. सगळे दारं बंद. एका घरापुढं साठीची एक बाई ज्वारी पाखडून राह्यली होती. भीमबाई. तिनं पानी देल्लं, भाकर अन् तुरीच्या दान्याची भाजी देल्ली. ती सगळ्याईलेच तू म्हनते.

"पोडात कोनी दिसत नाही, बाई."

"मोहाखाली बसले हायेत."

मंग सांगतलं. वरच्या फाट्यावर मोह हाये, तो तिच्या घराचा. इथी मोहाचे झाडं घराघरात वाटलेले असतेत. फुलं ज्यानं त्यानं आपल्याच झाडाखाली वेचाचे. तो तिच्या मायचा होता, मंग तिचा, पुढं पोरीचा. चार दिवसाआधी कोन तं येऊन त्याले गेरूचा पट्टा मारून गेलं. कूप तोडाले लागलं हाये. पट्टा म्हनजे झाड तोडाचं. मोह तं कवाच तोडत नाहीत, मंग याले काहून मारला? हापिसात मानूस पाठवला, तो अजून आला नाही. तवापासून पोड पाळीपाळीनं झाडाखाली बसून हाये. कापसाची वेचनी सोडून, मजुरी सोडून.

माह्या तोंडात घास होता. नखाईत गेरू होता. हात मांडीखाली घेतला.

भाकर पूर्न खाल्ली, पानी पेलो, "येतो बाई" म्हनलं अन् निघालो.

१६ डिसें. झरी जामणी.

पोचलो. वाट संपली. कमलले फोन केला, "पोचलो." ते म्हने, "मंग आवाज असा काहून? कोनी मेलं काय?"

चाहाच्या टपरीवर कूपाचे मजूर बसले होते, त्याईचा मुकादम बाजूले. इचारलं, कापाचं झाड कसं वळखता? म्हने, "जंगलखात्याच्या घनाचा शिक्का बुडाशी असते. पन गवतात वाकून कोन पाहते? पट्टा दिसला का आरी लावाची. शनिवारपासून वरच्या फाट्याकडं सरकतो."

तवाच सांगाचं होतं. तोंडात चाहा होता म्हनून बोललो नाही, असं लिवनार होतो. पन चाहा संपला होता. मुकादमानं म्हनलं असतं का कोन तू, कोनाले इचारून रंगवलं, अन् चार लोकाईत माही... छब्बीस वर्षात एक अपघात नाही माह्या नावावर. हेच डोक्यात फिरत होतं.

आज मंगळवार. दुकानातून तारेचा ब्रश घेतला. उद्या मांगं फिरतो. पोड टाळून, आडरानातून. खरवडतो अन् गुपचूप निघतो. कोनाले समजाचं कारन नाही.

१७ डिसें. मोहाखाली.

पोड टाळलं. मोह टाळता येत नव्हता, अन् मोहाखाली भीमबाईच होती. सोबत तीन बाया. माह्या हातात ब्रश.

ती ब्रशाकडं पाहे, माह्याकडं पाहे. शेवटी मीच म्हनलं, "पट्टा मी मारला, बाई. मी जंगलवाला नाही. आमच्या जुन्या वाटेची खून म्हनून मारला. मले माहीत नव्हतं."

बाया कोलामीत आपसात लय बोलल्या. एक शब्द समजला नाही अन् सारं समजलं. भीमबाई हळूच म्हने, "परवा भाकर खाल्ली तवा तं तोंड होतं तुले."

मंग ब्रश घेऊन झाडाकडं गेलो तं तिनं हात धरला. "खरवडू नको. सालीले लागते. अन् गार्डबाईले दिसलं पाह्यजे कोनं मारला ते." गार्डबाईले फोन लावला. ते एवढी संतापली का फोन कानापासून दूर धरला. "काका, मेहंदी म्हनलं होतं न मी? तवाच बोलले असते तं? गुन्हा दाखल होऊ शकते. लेखी द्यावं लागन. माही बीट नाही ते, साहेबाले घेऊन यावं लागन, शनिवार होईन. तोवर झाड पडू देऊ नका."

भीमबाईनं इचारलं, अजून किती पट्टे? म्हनलं, कूपाच्या हद्दीत प. ३६ ते ४३, सारे सागाले. मी जातो खरवडाले.

"तू नाही. आमी जातो. रान आमचं हाये, झाडं आमाले सापडतेत. आमी सा दिवस बसलो. आता तू बस."

म्हनलं, माह्याच्यानं बसवत नाही, बाई. खरंच नाही बसवत.

"बस," म्हने.

१८ डिसें.

बसून हाये. सकाळपासून चौदा वेळा उठलो, मोहाले चक्कर मारली, बसलो. पोडातली एक म्हातारी पाळीले सोबत होती. चौदाव्या बारीले म्हने, "झाडाले फेरे घालतं काय रे?" अन् हासली. मले बरं वाटलं. आल्यापासून पहिल्यांदा इथी कोनी हासलं.

काहीच होत नाही. मुंगळे वर जातेत, खाली येतेत. एक सुतार पक्षी. पाठीले साल टोचते. दिग्रसच्या स्टँडवर प्रवासी बसून राहत, मी उशीर केला का शिव्या देत, त्याईचं आता पटते.

भीमबाईनं भाकर आनली. पुढं ठेवली. आज "खाय" म्हनली नाही. मीही थोडा वेळ हात लावला नाही.

१९ डिसें.

बाया ब्रश घेऊन परत आल्या. सात पट्टे काढले. सागाची साल निंघाली, खाली पांढरं दिसते, पन झाडं उभे हायेत. प. ३९ सापडला नाही.

म्हनलं, नाल्याच्या काठी, दोन फांद्याचा साग. वहीत लिवलं हाये.

भीमबाई म्हने, "तिथी आता बुडखा हाये. ताजा."

माह्या पट्ट्यानं का शिक्क्यानं?

"मले काय माहीत? खोड गाडीत गेलं. बुडावर भुसा होता."

जाऊन पाहू का म्हनलं. म्हने, पाहून काय करशील? खरं हाये. तरी दिवसभर तेच. नाल्याच्या काठी, दोन फांद्याचा साग. पट्टा मारताना त्याच्यावर एक हात ठेवून गेरू सावरला होता, ते आठवते.

२० डिसें. शनिवार.

सकाळपासून आऱ्याईचा आवाज. काल पलीकडच्या टेकडीवर होता, आज नाल्याच्या अलीकडं. झाड पडाच्या आधी मानसं वरडतेत, मंग कडकड, मंग सारं रान चूप.

बाचा फोन आला. "बेटा, पट्टे सारे मारले न? पोरं चुकनार तं नाही?" त्याले सारं सांगतलं. मोह, भीमबाई, भाकर, प. ३९. तुमी सांगतलं म्हनून केलं, असंही तोंडातून निंघालं. ते बोलाले नको होतं. मंग फोन कटला. रेंज गेली का त्यानंच ठेवला, समजत नाही. तीन वेळा लावला, लागत नाही.

गार्डबाईचाही फोन लागत नाही. ते निंघाली असन.

भीमबाई पोडातल्या लोकाईले बोलवाले खाली गेली. जाताना म्हने, "आले तं उठू नको."

मुकादम नाला चढून इकडंच येऊन राह्यला. मांगं चार मानसं, दोघाच्या खांद्यावर आरी. त्यानं मले वळखलं, हात वर केला. चाहावाला डायवर म्हनून असन. पट्टा माह्या डोक्याच्या वर हाये, त्याले तिथूनही दिसते. पाय उठाले पाहून राह्यले. वही बंद करतो. बसूनच बोलीन.