तेल आणि फूल

प्रिय अवधूत,

वेरिबीच्या हॉलमधले फोटो मिळाले. सगळ्यांत तू मधोमध आहेस, गणपती जरा बाजूला. मध्ययुगातले सरदार निदान मेरीच्या पायाशी गुडघे टेकलेलं आपलं चित्र काढून घेत.

युनिव्हर्सिटीत माझा प्रबंध याच लोकांवर होता. फ्रँक लोकांच्या राजाचा एक कारभारी होता. सत्ता त्याच्या हाती, मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर. त्याने पोपला विचारलं, राजा कुणाला म्हणावं, नाव असलेल्याला की सत्ता असलेल्याला? पोपने हवं तेच उत्तर दिलं. कारभाऱ्याच्या डोक्यावर पवित्र तेल लागलं आणि बंड हीच देवाची आज्ञा ठरली. जुन्या राजाचे लांब केस, म्हणजे त्याच्या राजेपणाची खूण, कापून त्याला मठात धाडलं. पोपला पुढे जमीन मिळाली. हे मी तुला टार्निट स्टेशनवरून चालत येताना सांगितलं होतं. "म्हणजे पेशवेच की," म्हणून तू इतका हसलास की त्या संध्याकाळी तू मला आवडलास. तू शिकून घेतो आहेस, असं वाटलं नव्हतं.

आपला गणपती नंदूकाकांनी सुरू केला. गाडी रस्त्यावर लावून ते गॅरेज धुवायचे. या देशातला पहिला मोदक आपण तिथेच खाल्ला. तुला गॅरेज लहान वाटू लागलं, ते ठीक. मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं तर मतं मागायचीस. ती मिळाली नसती. म्हणून पुण्याहून गुरुजी आणवलेस आणि कौल लावलास. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर तू, डावं पडलं तर काका. गुरुजी मंत्र म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे अशा वेळी मिटत नाहीत. तू पायाने हीटर मूर्तीच्या उजवीकडे सरकवलास.

फूल सुकलं, पडलं. गुरुजींनी तुला गंध लावलं. काका 'मार्गदर्शक' झाले, रविवारी त्यांना शाल-श्रीफळ. मठ बरा, तिथे सत्कार नसे. त्या राजांबद्दल मला कधीच आदर नव्हता. पण त्यांच्यामागे सैन्य तरी होतं. तुझ्यामागे एक हीटर.

काकांचं मानपत्र मी लिहून वाचावं, असा तुझा मेसेज आला. म्हणून काल त्यांच्याकडे गेले. देव्हाऱ्यात दिवा नव्हता. म्हणाले, "देवानेच नको म्हटलं, मेधा. आता कुठल्या तोंडाने हात जोडू?" अध्यक्षपद तुलाच राहू दे, त्यांना ते नकोच आहे. पण रविवारच्या आधी त्यांच्या घरी जा आणि फूल कुणी पाडलं ते सांग. एकटा जा, फोटोवाल्याशिवाय. गेला नाहीस, तर मानपत्र म्हणून मी हेच पत्र वाचेन.

एके काळची तुझीच,
मेधा