सर्दी झालेली मधमाशी

रत्नागिरी, ६ जानेवारी

ती. अण्णाकाका यांस,
आर्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही आणि रेंजसाठी तुम्ही टेकडी चढणार नाही, म्हणून पोस्टाला कामाला लावलंय. इथल्या रेडिओवर मी हवामान-पर्यावरणाची हंगामी वार्ताहर झालेय. आजवर नुसत्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचत होते. आता आमच्या मनस्विनी मॅडमनी आंब्याचा मोहोर आणि बदलतं हवामान या विषयाला दहा मिनिटं दिलीत. हा कार्यक्रम जमला तर दर शुक्रवार माझा. नाही जमला तर मी पुन्हा भरती-ओहोटी!

रेडिओचा सगळा कारभार आवाजावर. मिरकरवाड्यावरचा मासळीचा लिलाव मी सहज टिपला, तिथे आवाज मागावा लागत नाही. पण मोहोरावर घोंगावणाऱ्या मधमाश्या शहरात कुठून आणू? लहानपणी तुमच्या बागेत दगडी गडग्याजवळ जायला आम्ही टरकायचो, एवढ्या असायच्या. म्हणून एसटीच्या पार्सलने रेकॉर्डर पाठवतेय. लाल बटण दाबायचं, आंब्याच्या कलमाखाली धरायचं आणि मुख्य म्हणजे काहीही बोलायचं नाही. शेवटचं तुम्हाला जड जाईल, पण माझ्यासाठी करा.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, या वेळी तो रेकॉर्डरसोबत पार्सलमधूनच पाठवावा, ही विनंती.

आपली,
आर्या


मंडणगड, १४ जानेवारी

चि. आर्यास,
अण्णाकाकाचे अनेक आशीर्वाद.

यंत्र पोचलं. केवढंसं ते! मला वाटलं साबणाची वडीच आली. तू रेडिओवर लागलीस हे वाचून छाती फुगली. वाडीभर सांगून आलो. तेव्हा आता भरती-ओहोटीवर परत जाणं चालायचं नाही, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

आवाज पाठवतोय. मधमाश्या काय, हव्या तेवढ्या! फक्त त्यांना माणसाचा सहवास आवडत नाही, त्यामुळे आवाज एकाच माशीचा वाटेल. ती त्यांची म्होरकी समज. तुझी मालिनीकाकू काही वेगळं कळवील तर लक्ष देऊ नकोस, तिला बागेतलं ओ की ठो कळत नाही.

आशीर्वाद भरपूर पाठवलेत, पुरवून वापर.

तुझा,
अण्णाकाका


रत्नागिरी, २८ जानेवारी

ती. अण्णाकाका यांस,
आर्याचा सा. न. वि. वि.

कार्यक्रम झाला. तुमची मधमाशी मी अगदी सुरुवातीलाच सोडली. मॅडम खूश, मी तर हवेतच. आणि मग चिपळूणहून एका श्रोत्याचं पत्र आलं.

दर्शन नावाचे गृहस्थ आहेत, मधपेट्या ठेवतात. ते लिहितात, जन्मभर मधमाश्यांत वावरलो, पण श्वास घ्यायला थांबणारी मधमाशी प्रथमच ऐकली. ती मध्येच खाकरते. शेवटी शेवटी तर भजनाच्या चालीवर जाते. तिला सर्दी झाली असल्यास आल्याचा काढा द्यावा!

मॅडमनी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, की आपण खोटा आवाज लावतो असं एकदा पसरलं, तर उद्या वादळाचा इशारा ऐकून मिरकरवाड्यावर होडी कोण मागे घेईल? चौदा फेब्रुवारीपर्यंत खुलासा द्यायचाय, त्यावर माझा शुक्रवार ठरणार. अण्णाकाका, मी रागावलेली नाही. खरं काय ते मात्र कळवा.

लोभाचा ताण पडत असेल तर क्षमस्व.

आपली,
आर्या


मंडणगड, १ फेब्रुवारी

चि. आर्यास,
आशीर्वाद.

चिपळूणच्या माणसाने मंडणगडच्या मधमाशीवर बोलू नये. आमच्या डोंगरातली थंडी त्या शिंच्याला काय ठाऊक? इथे माणसं खाकरतात, मग माशीनेच काय घोडं मारलंय? या विषयावर मला पुन्हा लिहू नकोस.

आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमीच.

अण्णाकाका


मंडणगड, १ फेब्रुवारी

चि. आर्यास,
मालिनीकाकूचे आशीर्वाद.

ह्यांचं पत्र पोस्टात टाकायला मीच निघालेय, म्हणून माझंही टाकतेय. अगं, ती माशी म्हणजे हेच!

रोज सकाळी यंत्र घेऊन कलमाखाली बसायचे. चहासुद्धा तिथेच. आधी म्हणाले थंडीमुळे माश्यांना उशीर होतोय. मग म्हणाले यंत्राला बुजतात, म्हणून यंत्रावर पंचा टाकला. माश्या येतायत कुठल्या? हल्ली अवेळी पाऊस, मळभ, की लगेच मोहोरावर रस शोषणारे तुडतुडे पडतात. ते पडले की हे फवारणी वाढवतात. गडग्यातलं पोळं कधीच ओस पडलंय. मी सांगायला गेले की म्हणतात, तुला कळत नाही. शेवटी एके दिवशी गोठ्यामागून गुं गुं ऐकू आलं. बघते तर हे डोक्यावरून पंचा घेऊन यंत्रापुढे बसलेले! मी हसून हसून भिंतीला टेकले.

पण त्या दिवशी पानावर बसले आणि घास घेईनात. म्हणाले, पोरीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि माझ्या बागेत तिला द्यायला एक माशी नाही. लाज वाटली गं त्यांना. तुझ्यावर माया आहे म्हणून घुमले बिचारे. त्यांना फार टोचून लिहू नकोस.

माझा लोभ आहेच, तुला मुद्दाम सांगायला नको.

तुझी,
काकू


रत्नागिरी, ५ फेब्रुवारी

ती. अण्णाकाका यांस,
आर्याचा सा. न. वि. वि.

काकूचं पत्र मिळालं. तिच्यावर चिडू नका. मी आधी पोट धरून हसले, मग रडू आलं. अहो, बातमी तुमच्यासमोर होती आणि तुम्ही तिच्यावर पंचा टाकलात! बागेत मधमाशी नाही, हीच तर बातमी. मी दहा मिनिटं बोलले आणि नेमकं तेवढंच सोडून बोलले. भजनाची चाल मलाही ओळखीची वाटली होती. शुक्रवार हवा होता, म्हणून कानाडोळा केला.

यंत्र बिघडलं होतं असं सांगून सुटता येईल, पण ते मी सांगणार नाही. खरं सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागेल, आणि तुम्ही नको म्हणालात तर ते घेणार नाही. मग भरती-ओहोटी वाचत बसेन, तुमच्यावर राग धरणार नाही. रेकॉर्डर पुन्हा पाठवतेय. या वेळी तुम्ही बोला, मनात येईल ते. बोलून झालं की तो थोडा वेळ तसाच कलमाखाली ठेवा.

लोभ ताणून धरलाय, तुटू देऊ नका.

आपली,
आर्या


रत्नागिरी, १५ फेब्रुवारी

ती. अण्णाकाका आणि सौ. काकू यांस,
आर्याचा सा. न. वि. वि.

काल तुमचं बोलणं लागलं. मागच्या खेपेची मधमाशी मीच होतो, असं तुम्ही सरळ सांगितलंत तेव्हा आमच्याकडे हशा पिकला. मग तुम्ही म्हणालात की खरी माशी माझ्या बागेत येत नाही, ती का येत नाही ते मला ठाऊक आहे, कारण फवारणीचा पंप माझ्याच पाठीवर असतो. हशा थांबला. त्यानंतर नुसती तुमची बाग. पानांची सळसळ, लांबचा एक कोंबडा, बाकी काही नाही. ड्युटीवरचा सर्वेश घाबरला. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे यंत्रणा बंद पडली, असं वाटून तो गाणं लावायला धावला. मी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

मग फोन थांबेनात. बागायतदार सांगत होते की आमच्याकडेही असंच आहे, आम्ही कुणाला बोललो नाही एवढंच. चिपळूणच्या दर्शननीही फोन केला. ते तुम्हाला एक मधपेटी देणार आहेत, पण मोहोरावर फवारणी थांबवलीत तरच.

शुक्रवार माझा झाला! मॅडमची एकच अट आहे, यापुढे घरच्यांचे आवाज लावायचे तर ते माणसांचेच असावेत.

तुमच्या लोभावरच हे सगळं चाललंय.

आपली,
आर्या


मंडणगड, २४ फेब्रुवारी

चि. आर्यास,
अण्णाकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा शुक्रवार झाला, माझं मात्र नाव गेलं. वाडीत आता मला भुंगा म्हणतात. देवळात गेलो तर मागून कुणीतरी गुं करतं. करू देत मेल्यांना.

गडग्याकडची कलमं मी या वेळी फवारली नाहीत. तिथला मोहोर तुडतुड्यांनी पार काळा केलाय. बघवत नाही. मालिनीला वाटतं मी शहाणा झालो. शहाणा वगैरे काही नाही, जीव तुटतो रोज.

काल सकाळी तिथे उभा होतो तर आवाज आला. मी तोंड घट्ट मिटून होतो, हे आधी सांगतो. एकच होती, उरल्यासुरल्या मोहोरावर फिरत होती. मी मालिनीला हाका मारल्या, ये, ऐक म्हणून. ती आतूनच ओरडली, की पुरे झाला चावटपणा. तेव्हा पोरी, तूच ये आणि ऐक. मधमाशीच्या बाबतीत माझ्यावर आता घरचंसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही.

तुझा,
अण्णाकाका